अभ्यासक्रमाआधी मुलीच्या वेळेचे पाहा

आपले पत्र मिळाले. मुलगी बारावी विज्ञान शाखेतून ६१ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली आहे, तिला छायाचित्रकार व्हायचे आहे, आणि राजापूर तालुक्यातील आपल्या गावातून तिला मुंबई-पुण्याला पाठवायचे नाही, असे आपण ठरवले आहे. म्हणून तिने एका खासगी संस्थेचा वर्षभराचा ऑनलाइन डिप्लोमा घरूनच करावा आणि सोबत तलाठी भरतीचा अभ्यास करावा, अशी आपली योजना आहे. त्यासाठी ४०,००० रुपये भरावेत का, एवढाच आपला प्रश्न आहे.

तिच्या गुणांची मला चिंता वाटत नाही. अस्वस्थ केले ते पत्राच्या शेवटी आपण सहज लिहून गेलेल्या वाक्याने: पहाटे बंदरावर किंवा रात्री नमनाच्या (कोकणातील लोकनाट्याच्या) खेळाला कॅमेरा घेऊन जाणार नाही, हे तिने कबूल केले आहे, अंगणात आणि बागेत हवे तेवढे फोटो काढावेत. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हा अभ्यासक्रम मुलीला उंबऱ्याच्या आत ठेवतो, म्हणूनच आपल्याला पसंत पडलेला दिसतो. तिथे शिकवतात कसे, याविषयी पत्रात एक ओळही नाही. साखरीनाट्याच्या बंदराला होड्या लागण्याची वेळ आणि शिमग्यात पालखी नाचण्याची वेळ, दोन्ही तिला बंद केल्यावर वर्षभर तिने शिकायचे कशावर? मुलीच्या सुरक्षिततेची काळजी मी समजू शकतो, आणि तेवढीच अडचण असेल तर सोबत कोण जाईल, परत केव्हा यायचे, हे घरात बसून ठरवता येते. परंतु आपल्या पत्रात काळजीपेक्षा ‘वाडीतले काय म्हणतील’ हेच अधिक वेळा आले आहे. तिच्या कबुलीचेही मला फारसे कौतुक वाटत नाही, कारण कबूल न केल्यास कॅमेराच मिळणार नाही, हे तिला ठाऊक असणार.

आता जाहिरातीतील ‘सरकारमान्य प्रमाणपत्र’ या शब्दांविषयी, कारण आपला सारा भरवसा त्यांच्यावर आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांना मान्यता देण्याचे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आहे, आणि कोणत्या विद्यापीठाच्या कोणत्या अभ्यासक्रमाला ती मिळाली आहे, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. खासगी संस्था मात्र पुष्कळदा आयएसओ प्रमाणपत्र किंवा लघुउद्योग म्हणून झालेली नोंदणी पुढे करतात. आयएसओ ९००१ हे कारभाराच्या पद्धतीचे मानक आहे आणि उद्योगाची नोंदणी ही व्यवसायाची नोंद आहे. अभ्यासक्रमाच्या दर्जाशी दोहोंचा संबंध नाही. शिवाय लग्नाचे किंवा होम-स्टेचे काम देणारा माणूस आधी काढलेले फोटो पाहतो, प्रमाणपत्र मागत नाही.

घरी शिकता येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ, म्हणजे लेन्सचे छिद्र, प्रकाश आत येण्याचा वेळ आणि कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता (वरचे प्रमाणपत्र नव्हे), यांचा मेळ, लख्ख उन्हात आयएसओ १००, छिद्र एफ/१६ आणि शटर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग हा जुना ठोकताळा, संगणकावरील संस्करण, हे सारे दुरून उत्तम शिकता येते. कसोटी एकच आहे: तिने पाठवलेले फोटो कोण पाहणार आणि काय सांगणार? आपल्याच तालुक्यातील बारसूच्या सड्यावरील (कातळाच्या पठारावरील) कातळशिल्पांचे उदाहरण घ्या. भर दुपारी काढलेल्या फोटोत त्या उथळ रेषा जवळजवळ पुसल्यासारख्या दिसतात; सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरके पडले की कडांना सावली येते आणि आकृती उठून दिसते. दुपारचा फोटो पाहून ‘पुन्हा जा, सकाळी जा’ असे लिहून कळवणारा शिक्षक असेल, तर शुल्काला अर्थ आहे. केवळ व्हिडिओ दाखवून वस्तुनिष्ठ प्रश्नांची चाचणी घेणार असतील, तर तसे व्हिडिओ फुकटही मिळतात. आणि शिक्षकाने ‘पुन्हा जा’ म्हटल्यावर तिला घरातून जाता आले पाहिजे, हे ओघाने आलेच.

रीतसर शिक्षणाचे मार्ग ठाऊक असावेत म्हणून सांगतो: उपयोजित कलेच्या पदवीला राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा आहे आणि मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत त्या पदवीत छायाचित्रणही शिकवतात. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेचा छायांकनाचा अभ्यासक्रम चित्रपटासाठी आहे.

तलाठी भरतीला पदवी लागते, त्यामुळे बारावीनंतर लगेच तिची तयारी हा बेत तसाही टिकत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घरून करता येईल आणि ती भरतीलाही चालेल. ती अवश्य करावी. ४०,००० रुपयांत मात्र सुस्थितीतील वापरलेला कॅमेरा आणि ५० मिमीची एफ/१.८ लेन्स घ्यावी. पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सला बुरशी धरते, म्हणून ती कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होईल, तेव्हा राजापूर किंवा रत्नागिरीतील एखाद्या स्टुडिओत तिला मदतनीस म्हणून पाठवावे. पहिल्या कामांना आपण स्वतः सोबत गेलात तरी हरकत नाही. तोवर कोकम, काजू, आमरस विकणाऱ्या घरगुती उत्पादकांसाठी पडवीतल्या उजेडात वस्तूंचे फोटो काढण्याचे काम ती करू शकेल. मात्र तेवढ्यावरच थांबायचे का, हे तिला ठरवू द्यावे.

शुल्काची मुदत आठवड्यात संपते, असे आपण लिहिले आहे. ती संपू द्यावी. अशा संस्था पुढच्या महिन्यात नवी तुकडी काढतातच.