पेडो (लहान मुलांच्या दातांचा विषय) घ्यायचं असेल तर कॉलेज असं बघ
नीट-एमडीएसचा, म्हणजे डेंटल पीजीच्या प्रवेश परीक्षेचा, रँक आला की सगळे आधी फी आणि शहर बघतात. तू पेडोची ओपीडी बघ. सोमवारी सकाळी जाऊन बस, रडणारी पोरं किती येतात ते बघ. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायर डेंटल कॉलेजसारख्या ठिकाणी पेशंट भरपूर. तीन वर्षांत हात बसतो तो अशाच गर्दीत. चकचकीत इमारतीला माझ्याकडून शून्य मार्क.

मग तिथल्या पीजी करणाऱ्या पोरांना कॅन्टीनमध्ये गाठ (विभागप्रमुखांसमोर कुणी खरं बोलत नाही). पल्पेक्टॉमी (दुधाच्या दाताचं रूट कॅनल), स्टीलचे क्राउन (दातावरच्या टोप्या) स्वतः करायला मिळतात का? पूर्ण भूल देऊन केसेस होतात का? नायट्रस ऑक्साइडचं (घाबरलेल्या पोरांना शांत करणाऱ्या वायूचं) मशीन चालू आहे की कोपऱ्यात झाकून ठेवलंय? खासगी असेल तर स्टायपेंड खरंच खात्यात पडतो का, तेही विचार.