बोलेरो की वॅगन-आर?

प्रश्न : आमचं गाव ठोसेघरच्या बाजूला. सासऱ्यांना डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा साताऱ्याला न्यावं लागतं. 2012ची डिझेल बोलेरो आणि 2013ची पेट्रोल वॅगन-आर, दोन्ही सारख्याच किमतीत मिळतायत. कोणती घ्यावी? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांना दोन्ही गाड्यांत बसवून बघा. मी तीस वर्षं पोवई नाक्याजवळ गॅरेज चालवलं, पण हे बघितल्याशिवाय इंजिनाकडे वळणार नाही. डायलिसिसनंतर माणूस गळून जातो. बोलेरोत पाय उचलून चढावं लागतं, वॅगन-आरची सीट कमरेच्या उंचीला येते, नुसतं टेकून आत सरकायचं. शिवाय बोलेरोला मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत. रिकामी असली की खड्ड्यात दणके देते, ते त्यांना सोसणार नाहीत.

घरापर्यंतची वाट कच्ची असेल आणि पावसात चिखल होत असेल, तर मात्र बोलेरोच. रस्ता डांबरी असेल तर माझं मत वॅगन-आरला.

तुमच्याकडचा पाऊस पत्रा खातो, म्हणून पायाखालचं मॅटिंग उचलून गंज बघा. बोलेरोची चासी, म्हणजे खालचा सांगाडासुद्धा तपासा. गाडी सकाळी थंड असतानाच चालू करून बघा, इंजिनाचे दोष तेव्हाच कळतात. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा. आणि आरसी बुकात नोंदणीची तारीख बघा : तिथून 15 वर्षांनी फिटनेस तपासणी, फेरनोंदणी, पर्यावरण कर. बोलेरोला ते 2027मध्ये, वॅगन-आरला 2028मध्ये.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर या, नुसत्या ब्रेकवर नको.