कपड्यांचा इतिहास शिकायचा आहे, पण कोठे आणि कसा?

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

प्रश्न : मी कोल्हापूरच्या राजारामपुरी भागात राहते. फॅशन डिझाइनची पदवी याच वर्षी पूर्ण झाली. चार वर्षांत माझ्या लक्षात आले की नवे कपडे बेतण्यापेक्षा जुने कपडे कसे आणि का बदलत गेले, हे समजून घेण्यात मला अधिक रस आहे. फॅशनच्या इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते. हा विषय या पातळीवर नेमका कसा शिकवतात? महाराष्ट्रात त्याची सोय आहे का, की परदेशी गेल्यावाचून गत्यंतर नाही? आणि घरी बसून आत्ता काय तयारी करता येईल?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पदवीच्या अभ्यासक्रमात पोशाखाचा इतिहास बहुधा एखाद्या सत्रापुरता असतो, आणि तो ग्रीक-रोमनांपासून आजपर्यंतची चित्रे ओळखण्यावर भागतो. पदव्युत्तर पातळीवर पुरावा तपासण्याला महत्त्व येते. समोर एखादे लुगडे, अंगरखा किंवा चोळी ठेवली जाते आणि हे केव्हाचे, कोणी विणले, कोणी नेसले, पुढे कोणी उसवून पुन्हा शिवले, हे प्रश्न विचारले जातात. उत्तरे वस्त्रातूनच काढायची आणि मग ती कागदपत्रांशी ताडून पाहायची, हे या विद्येचे मर्म आहे. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाची माहिती वाचताना त्यात प्रत्यक्ष जुनी वस्त्रे हाताळायला मिळतात का आणि लघुप्रबंध लिहावा लागतो का, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. नावात ‘फॅशन’ हा शब्द आहे की नाही, याला त्या मानाने फारसे महत्त्व नाही.

वस्त्रातून उत्तर काढायचे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. आपल्या भागातील अनेक घरांत आजीचे इलकल लुगडे जपून ठेवलेले असते. त्याचा पदर आणि अंग जेथे मिळतात ती जागा उलट्या बाजूने, भिंगाखाली पाहावी. पदराचे उभे धागे आणि अंगाचे उभे धागे एकमेकांत फासे घालून जोडलेले दिसतात. ही इलकलच्या विणकरांची ओळख आहे. मग काठाचा धागा पाहावा. तो रेशमासारखा चमकत असला तरी रेयॉनचा निघाला, तर ते लुगडे विसाव्या शतकाआधीचे नसावे, हे सांगता येते, कारण हा कृत्रिम धागा त्याआधी बाजारात रूढ नव्हता. रंगाचेही तसेच. कोळशाच्या डांबरापासून पहिला जांभळा रंग 1856 मध्ये निघाला, मंजिष्ठासारख्या लाल रंगाची जागा घेणारे कृत्रिम रंगद्रव्य 1869 च्या सुमारास आले आणि कारखान्यातली नीळ 1897 मध्ये विक्रीस आली. यावरून वस्त्र ‘याच्या आधीचे नसावे’ एवढेच ठरते. ‘याच वर्षीचे’ असे ठरत नाही, कारण जुने रंग नव्या रंगांच्या सोबत बराच काळ वापरात होते. चोळीवर यंत्राची दोन धाग्यांची टीप असेल तर तीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीची असू शकत नाही. मात्र ती टीप मूळ शिवणीची आहे की नंतरच्या दुरुस्तीची, हे टाक्यांशेजारची जुनी सुईची भोके पाहिल्याशिवाय बोलू नये. अशा बारकाव्यांत रमता येत असेल तर हा विषय तुमचा आहे. कंटाळा येत असेल तर तो आत्ताच कळलेला बरा.

आता सोयीविषयी. वेशभूषेचा इतिहास हाच मुख्य विषय असलेली स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आपल्याकडे अद्याप रुजलेली नाही. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे निफ्टच्या, पदव्युत्तर पदव्या डिझाइन, व्यवस्थापन आणि तंत्रज्ञान या तीन वाटांच्या आहेत. मुंबई केंद्र खारघरला आहे. तेथे डिझाइनच्या वाटेने जाऊन संशोधनाचा विषय ऐतिहासिक घेता येतो, पण इतिहासकाराची शिस्त तेथून आपोआप मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. ती शिस्त हवी असेल तर इतिहास, कलेतिहास, पुरातत्त्व किंवा संग्रहालयशास्त्र यांपैकी एखाद्या विषयात एम. ए. करून प्रबंधिकेसाठी वस्त्र हा विषय निवडणे, हा मार्ग मला अधिक भक्कम वाटतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेतिहास आणि संग्रहालयशास्त्र हे दोन्ही विभाग जुने आहेत, आणि तेथून जवळच अहमदाबादला 1949 मध्ये स्थापन झालेले कॅलिको वस्त्रसंग्रहालय आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा मोठी आहे. तुमच्या घराजवळच्या शिवाजी विद्यापीठातील इतिहास विभागाकडेही, घरचा जोगी जोगडा म्हणून, दुर्लक्ष करू नका. अन्य शाखेची पदवी चालते का, हा प्रश्न मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या प्रवेश नियमांत पाहावा लागेल.

परदेशात हा विषय बराच आधी विद्यापीठांत आला. लंडनच्या कोर्तोल्ड संस्थेत स्टेला मेरी न्यूटन यांनी 1965 मध्ये वेशभूषेच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्या मूळच्या नाटकांसाठी पोशाख तयार करणाऱ्या. पुढे चित्रातील पोशाखावरून चित्राचा काळ ठरवण्याच्या कामात त्यांनी नाव मिळवले. न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वस्त्रांचा इतिहास आणि संग्रहालयातील काम एकत्र शिकवतात आणि त्यांचे स्वतःचे संग्रहालय आहे. ग्लासगो विद्यापीठात पोशाख व वस्त्रांच्या इतिहासाबरोबर वस्त्रसंवर्धनाचेही शिक्षण मिळते. ब्रिटनमधील पदवी साधारण एका वर्षाची, अमेरिकेतील दोन वर्षांची, हा फरक खर्चाच्या दृष्टीने मोठा आहे. कोणत्या वर्षी कोणते विशेष विषय चालू आहेत हेही पाहावे लागते, कारण प्राध्यापक निवृत्त झाले की असे विषय बंदही पडतात.

तरीही पदवी हाती पडताच परदेशी धाव घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथील संग्रह प्रामुख्याने युरोपीय पोशाखाचे आहेत, वर्ष पाहता पाहता संपते, आणि आपला प्रश्न ठरलेला नसेल तर विद्यार्थी पॅरिसच्या शिवणगृहांवर चारचौघांसारखा निबंध लिहून परत येतो. कोल्हापुरातील एखाद्या विषयावर येथेच काम करून, त्याचे लेखन हाती घेऊन जो अर्ज करतो, त्याच्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असते.

आणि कोल्हापुरात सामग्रीला तोटा नाही. नवीन राजवाड्यातील शहाजी छत्रपती संग्रहालयात राजघराण्यातील पोशाख आणि छायाचित्रे आहेत. राज्य पुराभिलेख संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात संस्थानाचे दफ्तर आहे. अशा दफ्तरांत जामदारखान्याचे, म्हणजे मौल्यवान वस्त्रे-दागिने ठेवण्याच्या कोठाराचे, हिशेब आणि मानाचे पोशाख दिल्याच्या याद्या सापडतात. शेला, मंदील, किनखाब, पागोटे असे एकेक वस्त्र किंमतीसह लिहिलेले असते. पण हे कागद बहुतांशी मोडीत आहेत. म्हणून तुमच्या तयारीची पहिली पायरी मोडी लिपी ही असावी, कारण डिझाइनच्या पदवीबरोबर मोडी वाचता येणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असतील. 1906 मध्ये उभी राहिलेली शाहू मिल, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, गुजरी या सराफ बाजारातील साज या प्रत्येकावर विणकर, सोनार किंवा गिरणी कामगार यांच्या मुलाखती घेऊन काम करता येईल, आणि त्या मुलाखती लवकर घेतलेल्या बऱ्या.

चपलेचे उदाहरण ताजे आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्यात महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच पादत्राणे दाखवली, तेव्हा टीका झाली आणि मागाहून कंपनीने भारतीय कारागिरीचा उल्लेख मान्य केला. या प्रकरणावर लेख पुष्कळ आले, पण ‘कापशी’ नावाची जुन्या घडणीची चप्पल आणि आजची बाजारी चप्पल यांत कानांचा, म्हणजे बाजूच्या पाळ्यांचा, आकार, वेणीची वीण, बाभळीच्या सालीची कमावणी आणि खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने घातलेली शिवण केव्हा आणि कशी बदलली, हे मापे घेऊन कोणी मांडले तर तो खरा इतिहास होईल. कोल्हापुरातील चप्पल लाइन या चपलांच्या बाजारात जाऊन एक जुना जोड कागदावर बाह्यरेखेसह उतरवून पाहा; तुमच्या डिझाइनच्या शिक्षणाचा उपयोग कोठे होतो हे तेव्हा कळेल.

प्रश्न : माझ्या मुलीला असाच अभ्यास करायचा आहे. आम्ही मध्यमवर्गीय आहोत. यातून पोट भरेल का? परदेशी शिक्षणाला काही मदत मिळते का?
— एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही : संग्रहालयांतील कायम जागा थोड्या आहेत आणि त्या निघण्यास वर्षे लागतात. महाविद्यालयात अध्यापनासाठी नेट ही पात्रता परीक्षा बहुधा द्यावी लागते. तिच्यात संग्रहालयशास्त्र व संवर्धन आणि दृश्यकला हे विषय आहेत, म्हणून एम. ए.चा विषय निवडतानाच तो नेटच्या यादीत बसतो का, हे पाहून ठेवावे. याखेरीज ऐतिहासिक चित्रपट व मालिकांसाठी वेशभूषेचे संशोधन, लिलावगृहे, खासगी संग्रहांची नोंदणी आणि हातमाग संस्थांचे दस्तऐवजीकरण अशी कामे मिळतात, पण ती बहुधा कामापुरती असतात. वस्त्रसंवर्धनाचे कौशल्य हाती असलेल्यांना त्यातल्या त्यात मागणी बरी आहे, कारण जुने रेशीम तुटू न देता हाताळणे प्रत्येकाला जमत नाही. आर्थिक मदतीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांकरिता महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. सर्वांसाठी चेवनिंग, कॉमनवेल्थ आणि इनलॅक्स या शिष्यवृत्त्या आणि जे. एन. टाटा निधीची कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे. शेवटची परत फेडावी लागते, हे कुटुंबाने आधीच लक्षात घ्यावे. पहिली पदव्युत्तर पदवी येथे करून मुलीचा कल पारखणे तुमच्या परिस्थितीत शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : मी इतिहासात एम. ए. करत आहे. कोल्हापुरी फेट्यावर प्रबंधिका लिहिताना ‘ही परंपरा शेकडो वर्षांची आहे’ असे लिहिले, तर मार्गदर्शकांनी त्यावर लाल रेघ मारली. फेटा जुना नाही का?
— एक विद्यार्थी, कागल

उत्तर : मार्गदर्शकांनी योग्य तेच केले. डोक्याला वस्त्र गुंडाळण्याची रीत जुनी आहे, यात शंका नाही. पण तुमचा विषय ती रीत नसून आज ‘कोल्हापुरी’ म्हणून ओळखली जाणारी बांधणी आहे, आणि तिचा काळ स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागेल. प्रथम पगडी आणि फेटा वेगळे करा : पगडी एकदा बांधून तयार ठेवतात आणि तशीच डोक्यावर चढवतात, फेटा दर वेळी नव्याने बांधतात. जुन्या कागदांत ‘पागोटे’ दिसले म्हणून तो तुमचा फेटा, असे गृहीत धरता येणार नाही.

पुराव्यासाठी तारीख निश्चित असलेली सामूहिक छायाचित्रे गोळा करा; शाळा, तालमी, नगरपालिका आणि लग्नसमारंभ यांची चित्रे घराघरांत आहेत. प्रत्येक चित्रात तुरा, शेमला (मागे सोडलेले टोक) आणि पट्ट्या यांची नोंद ठेवली की बदल कोणत्या दशकांत झाला हे दिसू लागेल. छायाचित्रकाराच्या दुकानात काढलेल्या एकट्या चित्रांवर मात्र भिस्त ठेवू नका, कारण तेथे ठेवणीतला, प्रसंगी मागून आणलेला पोशाख घालून माणसे बसत. अशीच काळजी सिनेमाच्या चित्रांबाबत घ्यावी. प्रभात कंपनीने कोल्हापुरात असताना 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यातील वेशभूषा प्राचीन काळाचा पुरावा नाही, परंतु 1932 मधील लोकांना प्राचीन काळ कसा दिसत होता, याचा उत्तम पुरावा आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील शिल्पांनाही हाच नियम लावा : तेथील अलंकार आणि नेसण शिल्पकारांच्या ठरलेल्या संकेतांतून आलेली असू शकतात.

फेटा बांधून देणाऱ्या वयस्कर मंडळींना भेटाल तेव्हा ‘परंपरा किती जुनी’ असे विचारू नका. उत्तर ‘शिवकाळापासून’ असेच येईल. कापड किती वार लागते, ते पूर्वी कोठून येई, बांधणी कोणाकडून शिकलात आणि तुमच्या लग्नात कोणता रंग होता, असे विचारा. ही उत्तरे छायाचित्रांशी जुळवून पाहा, जेथे जुळत नाहीत तेथे तसे लिहा, आणि ‘शेकडो वर्षे’ हे शब्द गाळून सर्वांत जुन्या चित्राचे वर्ष द्या. मार्गदर्शक त्यावर रेघ मारणार नाहीत.