सोंग्ये मूर्ती देव आहे का, आणि पोटात भोक कशासाठी?

तुमचे प्रश्न तीन: मध्य आफ्रिकेतल्या काँगो देशातल्या सोंग्ये लोकांची ही लाकडी मूर्ती देव की काळी जादू, पोटातलं भोक मोडतोडीचं का, आणि ऑनलाइन दिसतेय ती घ्यावी का. भोकापासूनच सुरू करतो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

ते भोक मुद्दाम कोरलेलं असतं. मूर्तिकार लाकूड कोरून देतो आणि त्याचं काम तिथे संपतं. मग न्गांगा, म्हणजे गावातला जाणता विधीकार, पोटात आणि टाळूवर 'बिशिंबा' भरतो: प्राण्यांची नखं, हाडं, केस, वनस्पती, माती असं बरंच काही. पुष्कळदा डोक्यात शिंगही खोचतात. हा ऐवज भरेपर्यंत ते नुसतं लाकूड; भरल्यावर त्याची 'न्किशी' होते. नावही होतं ते न्गांगाचं, कोरणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही.

आपल्याकडच्या लोकांना लगेच प्राणप्रतिष्ठा आठवते. पण न्किशी देव नव्हे. पूर्वजांच्या आत्म्यांशी संधान बांधायचं आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, त्यासाठीचं हे साधन. मूल होत नाही, आजार हटत नाही, कोणीतरी करणी केलीय, तर न्किशी. म्हणजे काळी जादू म्हणाल तर ती उलट तिच्यावरचा उतारा आहे.

घरगुती मूर्ती लहान असतात. मोठ्या, काही तर मीटरभर उंचीच्या, अख्ख्या गावाच्या. त्यांना स्वतःचं नाव असायचं (बऱ्याचदा एखाद्या नावाजलेल्या मुखियाचं), स्वतंत्र झोपडी असायची आणि एक राखणदार असायचा. मूर्तीचा निरोप त्याच्या स्वप्नात यायचा. नव्या चंद्राला ती बाहेर काढून कोंबडीचा बळी द्यायचे, पामतेल चोपडायचे. पण हात लावायचा नाही! हातांना काठ्या बांधून त्यांच्या आधारे उचलायची. संग्रहालयातल्या एखाद्या मोठ्या मूर्तीच्या काखेपाशी नीट बघा, या काठ्या किंवा दोऱ्या अजून सापडतात.

चेहऱ्यावरच्या तांब्याच्या पट्ट्या आणि खिळे नुसत्या सजावटीचे नाहीत. धातूचा संबंध आकाशातल्या विजेशी जोडतात, आणि ती वीज करणी करणाऱ्यावर उलटवायची असते. खिळ्यांनी गच्च भरलेल्या ज्या मूर्ती तुम्ही पाहिल्या असतील, त्या मात्र बहुधा 'कोंगो' नावाच्या दुसऱ्याच लोकांच्या, पार पश्चिमेच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या. तिथे शपथ किंवा तंटा असेल तेव्हा खिळा ठोकत. सोंग्ये राहतात देशाच्या आत, आग्नेयेकडे, लोमामी नदीच्या पट्ट्यात. विक्रेते या दोघांची सर्रास खिचडी करतात.

आता खरेदीचं. गावकऱ्यांच्या लेखी मूर्तीची ताकद संपली की आतला ऐवज काढून घेत, मग लाकूड विकायलाही हरकत नसे. शिवाय कातडं, मणी, राफियाचा (ताडाच्या जातीच्या झाडाच्या धाग्यांचा) घागरा हे 'अवांतर' म्हणून काही संग्राहकांनीही उतरवून टाकलं. त्यामुळे रिकामं पोट दिसलं म्हणून मूर्ती खोटी ठरत नाही, आणि भरलेलं दिसलं म्हणून खरीही ठरत नाही. बाजारातला बराच माल विक्रीसाठीच बनवलेला असतो. काळपट चकाकी तर आठवड्यात आणता येते. आकार आवडला असेल तर नव्या कलाकृतीच्या भावात खुशाल घ्या. 'बेल्जियन राजवटीतली', म्हणजे 1960 च्या आधीची, असं सांगून चढा भाव लावत असतील, तर ती काँगोतून कधी, कोणामार्फत बाहेर पडली त्याचे कागद मागा. नसतील तर सोडून द्या.