आधी मान, मग डोळे

गिरगाव, मुंबई

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चित्रांचे फोटो मोठे करून करून पाहिले. आजीचं चित्र हुबेहूब आहे, त्यात वाद नाही. पापणीचा केस न् केस, गालावरची सुरकुती न् सुरकुती, कुडीतले मोती, सगळं जिथल्या तिथे. आणि तरी तू लिहितेस, 'पण ही माझी आजी वाटत नाही.' खरं सांगू? चित्रापेक्षा मला हे वाक्य जास्त आवडलं.

तू मोबाइलमधल्या फोटोवरून काढलंस आणि फोटोसाठी आजी ताठ बसली. एरवी ती कशी बसते? मान थोडी पुढे, एक खांदा उतरलेला, नीट ऐकू येणारा कान बोलणाऱ्याकडे, असं काहीतरी असेलच ना. दादरच्या गर्दीत ओळखीचं माणूस पाठमोरं असलं तरी ओळखू येतं, तेव्हा त्याचे डोळे कुठे दिसत असतात? म्हणून भाव शोधायचा तो आधी मानेत. डोळ्यांकडे सगळ्यात शेवटी यायचं. तू नेमकी उलट्या टोकाकडून सुरुवात करतेस. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांच्या वेळी हाताला जी सफाई लागते, ती एकेक अवयव पूर्ण करत पुढे सरकते. पोर्ट्रेटला ती आड येते.

पहिली काही मिनिटं फक्त तीन रेषा शोध. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहऱ्याची मधली रेषा, तिला आडवी जाणारी डोळ्यांची, आणि खाली खांद्यांची. चेहरा कलला की डोळे, नाकाचा तळ, ओठ, सगळ्या आडव्या रेषा बरोबरीने कलतात. तुझ्या आजीचा चेहरा कललाय आणि डोळे मात्र सपाट राहिलेत. मान खाली गेली की कान वर चढल्यासारखा दिसतो, टाळू जास्त दिसते, नाक ते हनुवटी अंतर आखडतं. हे दिसतं तसं मांडायला धीर लागतो, कारण मन सांगत राहतं की चेहरा असा नसतो. मोठ्या माणसाचे डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर येतात. तुझ्या भावाच्या चित्रात तू ते वर सरकवलेस आणि बिचाऱ्याची कवटी छाटली गेली. पेन्सिल ओळंब्यासारखी उभी धरून बघ: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या थेट खाली काय येतं, नाकपुडी की ओठ?

मग डोळे बारीक करून पाहा. बारकावे विरघळतात, उरतो एक उजेड आणि एक सावली. ती सावली एकसंध भर. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, गालाखालचा भाग, सगळं एकात. आपल्या घरांतली ट्यूबलाइट वरून सपाट उजेड टाकते, तिच्याखाली चेहऱ्याला आकारच राहत नाही. ट्यूब बंद कर आणि माणसाला खिडकीशेजारी एका अंगाने बसव. डोळ्याचा पांढरा भाग कोरा ठेवू नकोस, तो गोल आहे आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. हसू ओठांच्या टोकांत शोधू नकोस. गाल वर येतो, खालची पापणी किंचित चढते. ते साधलं की ओठांना फार काही करावं लागत नाही. दातांमधल्या फटी तर मुळीच रेखू नकोस.

सामानाबद्दल थोडक्यात. एचबी, टूबी, सिक्सबी एवढ्या पेन्सिली पुरे. काळोखासाठी पेन्सिल दाबत गेलीस की ग्रॅफाइट चमकायला लागतं, आणि त्या गुळगुळीत थरावर कोळसा धरत नाही. दोन्ही वापरायचं तर कोळसा आधी. डहाळीचा साधा चारकोल फुंकरीनेही उडतो, म्हणून सुरुवातीला तोच बरा. दाबून बनवलेली काळीभोर कांडी शेवटच्या गडद जागांसाठी ठेव, ती सहज पुसली जात नाही. मळता येणारं खोडरबर घे आणि त्याने खोडण्यापेक्षा उजेड उचल. बोटाने घासणं मात्र महिनाभर बंद. तुझ्या सगळ्या चेहऱ्यांवर धूर पसरलाय तो त्यामुळेच. सावलीची कड कुठे तीक्ष्ण आणि कुठे विरलेली, हे घासण्याने कळेनासं होतं.

काय अर्धवट सोडायचं हे शिकायचं असेल तर केटे कोलवित्झ या जर्मन चित्रकर्तीचं १९३३ चं कोळशातलं स्वतःचं चित्र बघ. ती बाजूने दिसते, हातात कोळसा. चेहरा आणि बोटं नीट घडवलेली, पण दोघांना जोडणारा हात म्हणजे नुसते जोरकस नागमोडी फटकारे. त्या फटकाऱ्यांत तिचा जोर आहे. बाहीच्या चुण्या काढत बसली असती तर तो गेला असता. (ती आणि आपले चित्रकार एम. व्ही. धुरंधर एकाच वर्षी जन्मले, १८६७ ला. धुरंधरांनी मुंबईची माणसं कशी उभी राहतात, कशी चालतात ते टिपलं. चेहरा चिमुकला असला तरी माणूस कोण ते त्यांच्या चित्रात कळतं.)

मॉडेल मिळत नाही ही तक्रार मी मुंबईत ऐकून घेणार नाही. तुझ्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात भाजी निवडत बसलेल्या बायका, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचे आजोबा, वाचनालयात पेपरावर वाकलेली डोकी, सगळ्यांच्या माना तुझ्यासाठीच वाकलेल्या आहेत. दोन स्टेशनांमध्ये एक डोकं, खांद्यासकट. स्टेशन आलं की पान उलटायचं. कोणी पाहिलं तर वही लपवू नकोस, दाखव. नको म्हणाल्या तर थांब. जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर फुटपाथवर पोर्ट्रेट काढून देणारे बसतात, त्यांच्या मागे उभी राहून फक्त सुरुवात बघ. गिऱ्हाईक हलायच्या आत ते चेहऱ्याचा कल कसा पकडतात ते शिकण्यासारखं आहे. पुढची गुळगुळीत सजावट त्यांच्या पोटासाठी आहे, ती तू घेऊ नकोस.

पावसात कागद दमट होतो, रबराने त्याचे तंतू निघतात. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेव, पूर्ण झालेल्या चित्रांमध्ये बटर पेपर घाल. फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पुसलं जाऊ नये म्हणूनचा फवारा, खिडकी उघडून, लांबून, हलक्या हाताने मार. टोन थोडा गडद होतो हे लक्षात ठेव.

रविवारी सकाळी ये. फोटो नकोत, मूळ कागद आण, ग्रॅफाइट कुठे चमकतंय ते मला तिरपं धरून बघायचंय. लोकलमधली वहीही आण, त्यातलं एकही पान फाडू नकोस. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
काका