एमएएस, केव्ही आणि अंतराची गणितं पेपरात का चुकतात?

तुमचा प्रश्न असा: रेडिओग्राफीच्या पहिल्या वर्षाला आहे, एक्सपोजरची सूत्रं पाठ आहेत, तरी पेपरात कोणता आकडा वर आणि कोणता खाली ठेवायचा तेच कळत नाही. कोल्हापुरात आमच्या सेंटरवर प्रॅक्टिकलला येणारी बरीच मुलं इथंच अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एमएएस आणि केव्ही (एक्स-रे नळीला दिलेला व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये) मनात वेगळे करा. एमए म्हणजे नळीत फिलामेंटकडून टार्गेटकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा प्रवाह, मिलिअँपिअरमध्ये. त्याला सेकंदांनी गुणलं की एमएएस. एमएएस दुप्पट केला की किरणही दुप्पट, इतकं सरळ. 200 एमए आणि 0.1 सेकंद म्हणजे 20 एमएएस. 400 एमए आणि 0.05 सेकंद म्हणजेही 20च. टेबलावर रडणारं मूल असेल तर दुसरी जोडी घ्यायची, वेळ निम्मा लागतो. केव्हीनं मात्र किरणांची भेदकता वाढते आणि संख्याही वाढते, म्हणून तिथं सरळ प्रमाण चालत नाही. केव्ही साधारण 15 टक्के वाढवला की डिटेक्टरवर एमएएस दुप्पट केल्याइतका परिणाम होतो.

खरा घोळ अंतरात आहे. एफएफडी, म्हणजे नळीतल्या फोकसपासून फिल्मपर्यंतचं अंतर, 100 सेंमीवरून 180 केला की तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते: 100 चा वर्ग भागिले 180 चा वर्ग, म्हणजे जेमतेम 31 टक्के उरते. आता प्रश्न फिरवून येतो: ‘100 सेंमीला 10 एमएएस लागत होता, 180 ला किती?’ मुलं तेच सूत्र लावतात आणि 3.1 लिहून मोकळी होतात. अहो, नळी लांब नेली, किरण पातळ झाले, मग एमएएस कमी कसा होईल? इथं नवं अंतर वर: 1.8 चा वर्ग 3.24, म्हणून उत्तर 32.4 एमएएस. पेन टेकवण्याआधी उत्तर वाढणार की घटणार एवढं समासात लिहा. त्याच्या उलट उत्तर आलं, तर अपूर्णांक उलटा मांडलाय.

जाडीचं गणित आमच्या गावात रोजचं. गंगावेशीकडच्या तालमीतला पैलवान खांदा दाखवायला येतो, आणि नेहमीचे फॅक्टर (केव्ही, एमएएस) लावले तर प्रतिमा दाणेदार येते. मऊ ऊती साधारण 4 सेंमी वाढल्या की एमएएस दुप्पट धरायचा. समजा चार्टवर 70 केव्ही, 10 एमएएस आहे आणि खांदा 8 सेंमीनं जाड, तर 40 एमएएस. पण मी तिथं 80 केव्ही आणि 20 एमएएस घेईन. कॉन्ट्रास्ट थोडा उतरतो, पण पैलवानाच्या कातडीवर येणारा डोस बराच कमी होतो, आणि मला तो सौदा पटतो.

डीआरवर (डिजिटल रेडिओग्राफी) काम करताना एक्सपोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरपर्यंत किती किरण पोहोचले ते सांगणारा आकडा, बघायची सवय आत्तापासून लावा. फिल्मवर जास्त एक्सपोजर काळं पडून लगेच दिसायचं; डीआरवर तीच प्रतिमा छान गुळगुळीत दिसते आणि चौपट डोस गेलेला कुणाला कळतही नाही. मात्र यंत्राची पुस्तिका आधी वाचा: काही कंपन्यांच्या यंत्रांत एक्सपोजर वाढलं की हा आकडा उतरतो.