सेटलमेंटचे हप्ते विकायच्या आधी

ताई, इजेच्या भरपाईचे (सेटलमेंटचे) दरमहा येणारे हप्ते कंपनीला विकून एकदम पैसे घ्यायचं म्हणताय, पण सही करायची घाई अजिबात नको, आधी त्या कंपनीला डिस्काउंट रेट विचारा, म्हणजे पुढचे हप्ते आजच देताना ते वर्षाला किती टक्क्यांनी कापणार. तुमचे महिन्याला १००० डॉलर अजून १० वर्षं येणारेत, म्हणजे एकूण १,२०,०००, पण वर्षाला १२ टक्क्यांनी कापले तर हातात साधारण ६९,७०० च पडतात आणि फी असली तर अजून कमी. ५ टक्क्यांनी हेच ९४,००० च्या वर जातं, म्हणून दोन-तीन कंपन्यांचे कोट घ्याच.

अमेरिकेत यासाठी जजची मंजुरी लागते, तुमचं आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या पोरांचं यात भलं आहे का हे कोर्ट बघतं. मंजुरीशिवाय कंपनीने हप्ते विकत घेतले तर कापलेल्या रकमेवर ४० टक्के टॅक्स कंपनीलाच बसतो, २००२ पासूनचा कायदा आहे, त्यामुळे कोर्टाची गरज नाही म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.

आणि सगळे हप्ते कशाला विकायचे? नड तेवढीच असेल तर दोन वर्षांचेच विका ना. इजेच्या भरपाईचे हप्ते टॅक्स-फ्री येतात, तीच रक्कम एकदम घेऊन बँकेत टाकली की व्याजावर टॅक्स लागतो, हे मला फार उशिरा कळलं. हॉस्पिटलचं बिल असेल तर आधी त्यांच्याशी हप्त्यांचं बोलून बघा, खरंच.